खानोलकर, धोतर आणि अणुबॉम्ब

शिरूर-दौंडकडे कॅन्सर हा शब्द सहसा कुणी तोंडातून काढत नाही. "टाटाला नेलंय," एवढंच सांगतात आणि ऐकणारा पुढे काही विचारत नाही. दौंडचा माणूस सोलापूरकडून येणारी गाडी पकडून दादरला उतरतो. शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे तिथला माणूस आधी नगर रोडने पुण्याला येतो. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत सोय झाली तर नशीब. मग परळ, मग फाइल, मग 'शेक' द्यायच्या तारखा. शेक म्हणजे रेडिएशन.

याच गावांमध्ये रेडिएशनशी रोजचा संबंध असलेली आणखी काही माणसं असतात, आणि त्यांच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. ती म्हणजे एक्स-रे टेक्निशियन. त्यांच्या छातीवर एक छोटा बिल्ला लावलेला असतो. तीन महिन्यांत त्या माणसाच्या अंगावर किती किरणं पडली ते त्यात साठतं, मग बिल्ला मोजणीसाठी जातो आणि आकडा नोंदला जातो. मर्यादा ठरलेली आहे : पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही.

आता हा २० चा आकडा कुठून आला? तो काही प्रयोगशाळेतल्या उंदरांवरून आलेला नाही. मुख्यतः हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्या माणसांना पुढे काय काय झालं, याच्या नोंदींवरून तो आला. म्हणजे कुणीतरी त्या माणसांना तपासलं, आणि त्या तपासणाऱ्याला कुणीतरी निवडलं. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे, ज्याने कोड लिहिला त्यानेच शेवटचं टेस्टिंग करायचं नाही. रेडिएशनच्या बाबतीत हा नियम किती पाळला गेला, हे शोधत गेलो तर वाटेत एक मराठी डॉक्टर भेटले. परळच्याच. त्यांची गोष्ट मला सांगायची आहे, पण आधी थोडं जपान.

नोव्हेंबर १९४६ मध्ये ट्रूमनने अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसला सांगितलं की बॉम्बमधून वाचलेल्यांचा दीर्घकाळ अभ्यास करा. त्यातून अॅटॉमिक बॉम्ब कॅज्युअल्टी कमिशन उभं राहिलं. पैसा अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचा. म्हणजे बॉम्ब बनवणारं खातं आणि अभ्यासाला पैसा देणारं खातं एकच. मधे अकॅडमी होती हे खरं, आणि तिने निवडलेली माणसं काही लेचीपेची नव्हती. जेम्स नील हा त्यातला सगळ्यात हुशार. तो डॉक्टरही होता आणि आनुवंशशास्त्रज्ञही. पुढच्या पिढीवर परिणाम होतो का, हा त्याचा प्रश्न होता आणि त्यासाठी त्याने डेटा कुठून मिळवावा? रेशनच्या दुकानातून! युद्धानंतर जपानमध्ये गरोदर बायकांना पाचव्या महिन्यापासून जादा रेशन मिळायचं आणि त्यासाठी नाव नोंदवावं लागायचं. नीलने ती नोंदणीच आपल्या अभ्यासाला जोडून घेतली. बाळ जन्माला यायच्या आधीच आई यादीत आलेली, त्यामुळे फक्त बिघडलेल्या केसेस मोजल्या जाण्याचा धोका टळला. सत्तर हजारांवर जन्म तपासले गेले. १९५६ मध्ये नील आणि शुल यांचा अहवाल आला आणि त्यात आनुवंशिक परिणामाचा ठोस पुरावा सापडला नाही. अभ्यासाची रचना म्हणून हे काम आजही सुंदर वाटतं.

पण एक गंमत बघा. नील आनुवंशशास्त्रज्ञ, म्हणून मोठा प्रश्न आनुवंशिकतेचा झाला. वाचलेल्यांमध्ये ल्युकेमियाचे रुग्ण जरा जास्तच दिसताहेत, हे हिरोशिमात ज्यांच्या लक्षात आलं त्यांत यामावाकी नावाचा एक तरुण जपानी डॉक्टर होता. रुग्ण त्याच्या डोळ्यांसमोर होते. १९५२ मध्ये दोन अमेरिकी डॉक्टरांबरोबर त्याच्या नावाने तो निबंध छापून आला. ज्याला जे शोधायला पाठवाल ते तो शोधतो. बाकीचं कुणाच्या तरी नजरेला पडलं तर पडलं.

आणि त्या कमिशनबद्दल हिरोशिमातली लोकांची तक्रार अशी की, हे तपासतात पण औषध देत नाहीत.

त्यात १ मार्च १९५४ उजाडला. बिकिनी बेटावर अमेरिकेने 'ब्राव्हो' हा हायड्रोजन बॉम्ब फोडला. अंदाज साधारण ६ मेगाटनचा होता, निघाला १५ चा. रोंगेलापच्या ८२ रहिवाशांवर पांढरी राख पडली. 'भाग्यवान ड्रॅगन' नावाच्या जपानी मासेमारी बोटीवरचे २३ खलाशीही त्यात सापडले. (असलं नाव आणि असलं नशीब.) बोटीवरचा रेडिओ ऑपरेटर कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारला. अमेरिकी डॉक्टर खलाशांना बघायला आले तेव्हा जपानी डॉक्टर आणि खलाशी दोघंही त्यांच्याकडे संशयाने बघत होते. 'तपासतात पण औषध देत नाहीत' ही ख्याती आधीच पोचली होती.

रोंगेलापच्या लोकांना संशय घ्यायचीही सोय नव्हती. त्यांची बेटं संयुक्त राष्ट्रांच्या वतीने अमेरिकाच सांभाळत होती. त्यांना तपासायला आधी अमेरिकी नौदलाच्या डॉक्टरच्या हाताखालची तुकडी आली, नंतर अणुऊर्जा आयोगाच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेचे डॉक्टर दर वर्षी येत राहिले. १९५७ मध्ये लोकांना बेटावर परत राहायला पाठवलं. १९६३ पासून त्यांच्यात थायरॉइडच्या गाठी दिसायला लागल्या. मार्शल बेटवाल्यांनी एप्रिल १९५४ मध्येच संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला होता की हे स्फोट थांबवा. डॉक्टर कोण असावा, हे मात्र त्यांना कुणी विचारल्याचं दिसत नाही.

आता आपण भारतात येऊ.

२ एप्रिल १९५४ ला नेहरू लोकसभेत बोलले. चाचण्या थांबवा ही त्यांची मागणी सगळ्यांना माहीत असते. त्याच भाषणातली दुसरी मागणी मला जास्त इंटरेस्टिंग वाटते. या शस्त्रांचे परिणाम, माहीत असलेले आणि माहीत नसलेले पण संभवणारे, लोकांपुढे पूर्णपणे मांडा, असं ते म्हणत होते. आणि दुसऱ्यांना सांगून ते थांबले नाहीत. संरक्षण खात्याचे वैज्ञानिक सल्लागार दौलतसिंग कोठारी यांच्याकडे हे काम सोपवलं गेलं. १९५६ मध्ये भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने 'न्यूक्लिअर एक्स्प्लोजन्स अँड देअर इफेक्ट्स' हे पुस्तक काढलं. प्रस्तावना नेहरूंची. स्वतःकडे बॉम्ब नसलेल्या देशाच्या सरकारने असं पुस्तक छापावं ही तेव्हा नवलाचीच गोष्ट होती. कोठारींना या कामात दोघांची साथ होती. एक होमी भाभा. दुसरे डॉ. वसंत रामजी खानोलकर.

भाभा तर यात असणारच. पण खानोलकर कशाला? ते रेडिएशनचे डॉक्टर नव्हते. ते पॅथॉलॉजिस्ट. मेलेल्या आणि जिवंत माणसांच्या शरीराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघणारे. जन्म १८९५ चा, क्वेट्ट्यातला. शिक्षण मुंबईत आणि लंडनला. मग सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात प्राध्यापकी, आणि १९४१ मध्ये टाटा मेमोरियल सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे. १९५२ मध्ये परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर निघालं, त्याचे ते पहिले संचालक.

त्यांची योग्यता कळायला त्यांचा १९४५ चा एक निबंध बघायला हवा. सहकारी डॉ. सूर्याबाई यांच्याबरोबर लिहिलेला. विषय : लोकांच्या सवयी आणि कॅन्सर. त्यात त्यांनी जगाला 'धोतराचा कॅन्सर' दाखवला. कमरेला धोतर रोज त्याच जागी, तसंच करकचून आवळलं, वर घाम आणि घर्षण, असं वर्षानुवर्षं चाललं की तिथली कातडी आधी काळवंडते, जाड होते आणि क्वचित कुणाला तिथेच कॅन्सर होतो. शिरूर-दौंडच्या कुठल्याही घरातल्या आजीच्या कमरेवर परकराच्या नाडीचा तो काळा वळ सगळ्यांनी बघितलेला असतो. साडीचा कॅन्सरही पुढे वैद्यकीय पुस्तकांत आला. हा वळ लाखो डॉक्टरांनी पाहिला असेल. खानोलकरांनी पेशंटला विचारलं, "धोतर कसं नेसता?"

माझ्या मते त्यांची खरी पात्रता या प्रश्नातच होती. कशाच्या तरी संपर्कात वर्षानुवर्षं, थोडं थोडं येत राहिलेल्या माणसाला काय होतं, हा धोतराचा प्रश्न आणि रेडिएशनचाही तोच. फक्त आवळणारी दोरी दिसत नाही.

दुसरी गोष्ट, एल. डी. संघवी यांच्याबरोबर त्यांनी १९४९ च्या सुमारास मुंबईतल्या सहा जातींचे रक्तगट आणि इतर आनुवंशिक गुण तपासले होते. जातीतच लग्नं होत असल्यामुळे एकाच शहरात राहून या गटांचं आनुवंशिक चित्र वेगवेगळं राहतं, हे त्यातून आकड्यांनी दिसलं. म्हणजे 'सामान्य लोकसंख्या' नावाची एकसंध गोष्ट भारतात नसते, हे या माणसाला पुरतं ठाऊक होतं. रेडिएशनचा आनुवंशिक परिणाम शोधायला निघालात आणि तुलनेचा गट चुकीचा निवडलात तर सगळा अभ्यास पाण्यात. अशा कामाला याहून बरा माणूस १९५५ च्या भारतात शोधून सापडला नसता.

३ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अणुकिरणांच्या परिणामांसाठी एक वैज्ञानिक समिती नेमली. तिचं इंग्रजी लघुरूप अन्स्किअर. पंधरा देश, आणि प्रत्येक देशाच्या सरकारने आपला एक शास्त्रज्ञ पाठवायचा, सोबत हवे तर सल्लागार. भारतातर्फे खानोलकर गेले. बरोबर भाभांच्या संस्थेतले जीवशास्त्रज्ञ गोपाल-अय्यंगार. समितीत आशियातले देश दोनच, भारत आणि जपान. चाचण्या करणारे तिघंही, म्हणजे अमेरिका, रशिया, ब्रिटन, सदस्य.

निवड सरकारकडे असली की काय होतं याचा नमुना काही महिन्यांपूर्वीच दिसला होता. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला 'शांततेसाठी अणू' ही प्रचंड परिषद भरली, अध्यक्ष आपले भाभा. हर्मन मुलर हा एक्स-रेमुळे जनुकं बदलतात हे दाखवून १९४६ चं नोबेल मिळवलेला माणूस. या विषयावर जगात त्याच्याइतका अधिकार कुणाचाच नव्हता. त्याचा निबंध अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने ऐनवेळी काढून घेतला. कारण काय दिलं, तर त्यात हिरोशिमाचा उल्लेख होता. मुलर परिषदेला श्रोता म्हणून जाऊन बसला, आणि सभागृहाने उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. तज्ज्ञ निवडायची ही एक पद्धत झाली : सगळ्यात जास्त माहिती असलेल्याला खाली बसवायचं.

अन्स्किअरची पहिली बैठक मार्च १९५६ मध्ये न्यूयॉर्कला झाली आणि पहिला अहवाल १९५८ मध्ये आला. रशियाला त्यात चाचण्या ताबडतोब थांबवण्याची शिफारस हवी होती. बहुमत म्हणालं, ते आपलं काम नाही. इथे मला बहुमताचं पटतं. समितीने मत दिलं असतं तर तिच्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवला नसता. आणि नुसते आकडे पुरेसे बोलके होते. त्यात एक बारकावा होता, तो मला फार आवडतो. स्फोटातून पसरलेलं स्ट्रॉन्शियम-९० कॅल्शियमच्या पाठोपाठ हाडांत जाऊन बसतं. पश्चिमेत कॅल्शियम दुधातून येतं, म्हणून मोजमाप दुधाचं. पण जिथे माणसं मुख्यतः भात खातात तिथे हिशोब वेगळा निघतो, आणि तो वेगळा करायला हवा, हे त्या अहवालात आलं. भात खाणारे देश टेबलाशी बसलेले असल्याचा हा फायदा. धोतर कसं नेसता, तसंच ताटात काय असतं.

त्याच अहवालात केरळच्या किनाऱ्याचाही उल्लेख आहे. कोल्लमजवळच्या वाळूत मोनाझाइट आहे, त्यात थोरियम. म्हणजे कुणीही बॉम्ब न फोडता पिढ्यानपिढ्या जास्त किरणांत राहिलेली माणसं आपल्याच देशात. करुनागप्पल्लीत घराबाहेरची पातळी काही जागी वर्षाला ७० मिलिग्रेपर्यंत जाते. जगाला हव्या असलेल्या प्रश्नाची ही तयार प्रयोगशाळा होती. तिथे काय झालं? १९७६ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या कोचुपिल्लै आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की तिथे डाउन सिंड्रोमचं प्रमाण जास्त दिसतं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लोकांनी त्यावर आक्षेप घेतला. पुढे त्याच केंद्राने १९९५ पासून तिथल्या इस्पितळांत जन्मणारी बाळं तपासायला सुरुवात केली. एक लाख चाळीस हजारांवर नवजात मुलं बघून झाली आणि फरक सापडला नाही. तिरुवनंतपुरमच्या रीजनल कॅन्सर सेंटरने जपानी सहकाऱ्यांबरोबर जवळजवळ ७० हजार प्रौढांचा सरासरी साडेदहा वर्षं पाठपुरावा केला. २००९ मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष : कॅन्सर वाढलेला नाही.

मला हे आकडे खोटे वाटत नाहीत. लाखभर बाळांची नोंद म्हणजे थट्टा नाही. तरीसुद्धा हा वाद नीट मिटला असं वाटत नाही, आणि त्याचं कारण विज्ञानात नाही, परळमध्ये आहे.

१९६२ मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटलचा कारभार आरोग्य खात्याकडून अणुऊर्जा खात्याकडे गेला. १९६६ मध्ये खानोलकरांनी वाढवलेलं कॅन्सर रिसर्च सेंटरही त्यात विलीन होऊन टाटा मेमोरियल सेंटर झालं. भाभांचा यामागचा विचार वाईट नव्हता. कॅन्सरच्या उपचारात किरणांचा उपयोग वाढत जाणार हे त्यांना दिसत होतं, आणि अणुऊर्जा खात्याकडे पैसाही होता, तंत्रज्ञही. शिरूर-दौंडचा माणूस आज तिथे कमी पैशात शेक घेऊ शकतो, त्यामागे या निर्णयाचा मोठा वाटा आहे. हे नाकारणं कृतघ्नपणा होईल. पण याच निर्णयाने देशातली सगळ्यात मोठी कॅन्सर संस्था आणि देशातल्या अणुभट्ट्या एकाच खात्याखाली आल्या. तारापूरसारख्या केंद्रांच्या आसपासच्या आरोग्य पाहण्यांत स्थानिक मेडिकल कॉलेजं घरोघरी जातात आणि विश्लेषणाला टाटा मेमोरियल असतं. निष्कर्ष 'वाढ नाही' असा येतो. तो बरोबर असेलही. पण कोड लिहिणारा आणि टेस्टिंग करणारा एकाच मॅनेजरला रिपोर्ट करतात. सुरक्षेवर देखरेख करणारं अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये निघालं, तेही अणुऊर्जा आयोगाच्याच हाताखाली. २०१२ मध्ये कॅगने याच स्वातंत्र्याच्या अभावावर बोट ठेवलं होतं.

मग कुणी न निवडलेले तज्ज्ञ पुढे येतात. राजस्थानात कोट्याजवळ रावतभाटाला अणुवीज केंद्र आहे. सप्टेंबर १९९१ मध्ये सुरेंद्र गाडेकर आणि डॉ. संघमित्रा गाडेकर या जोडप्याने कार्यकर्त्यांना घेऊन तिथल्या गावांत घरोघरी पाहणी केली. ते भौतिकशास्त्रज्ञ, त्या डॉक्टर, राहणं दक्षिण गुजरातेतल्या वेडछीला. केंद्राजवळची पाच गावं, २८६० माणसं, आणि दूरची चार गावं, २५४४ माणसं. जवळच्या गावांत जन्मजात व्यंगं आणि मृत जन्म जास्त आढळले. 'अणुमुक्ति' या त्यांच्या नियतकालिकात ते छापलं गेलं. नाव वाचल्यावर त्यांची बाजू कोणती हे वेगळं सांगायला नको. संख्या लहान, किती किरणं पडली याचं मोजमाप नाही, आणि विचारणाऱ्यांना उत्तर काय यावंसं वाटत होतं हेही उघड. खात्याने निष्कर्ष मानला नाही. पण तुलनेचा गट घेऊन, दारोदार जाऊन विचारण्याचं काम त्यांनी केलं होतं, आणि त्याला खरं उत्तर म्हणजे तशीच, पण मोठी आणि दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या डॉक्टरांनी केलेली पाहणी. असे डॉक्टर कोण, यावरच तर सगळं अडतं.

१९५६ मध्ये खानोलकरांना कुणी विचारलं नाही की तुम्ही कुणाच्या बाजूचे. त्यांची संस्था तेव्हा आरोग्य खात्याकडे होती, देशात वीज बनवणारी एकही अणुभट्टी नव्हती, बॉम्ब तर नव्हताच. नेमणूक सरकारचीच, पण त्या सरकारला लपवण्यासारखं अजून काही नव्हतं. पुढे ते १९६० ते ६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९७८ मध्ये वारले, पोखरणनंतर चार वर्षांनी.

२००२ मध्ये त्यांची संशोधन संस्था परळहून खारघरला नव्या जागेत गेली. तिथल्या एका इमारतीला 'खानोलकर शोधिका' असं नाव दिलेलं आहे. संस्था अणुऊर्जा खात्याची. आणि शिरूर-दौंडच्या त्या टेक्निशियनच्या बिल्ल्याचा आकडा जास्त निघाला, तर रक्तातली गुणसूत्रं तपासायची सोय ट्रॉम्बेला आहे, भाभा अणुसंशोधन केंद्रात.